फिलिपिनो माणसं आणि बिंगो: मयताच्या मांडवातला खेळ

कालांबाकर

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, फिलिपिन्सच्या लागुना प्रांतात कालांबा गावी राहतोय. चाकणच्या कारखान्यातून इथल्या औद्योगिक वसाहतीत बदली झाली, आणि कंपनीच्या फ्लॅटऐवजी मी एका जुन्या गल्लीत वरचा मजला भाड्याने घेतला. त्यामुळे जे बघायला मिळालं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पहिल्याच पावसाळ्यात समोरच्या घरातले आजोबा वारले. संध्याकाळी कामावरून आलो तर अर्धा रस्ता अडवून ताडपत्रीचा मांडव. घराच्या बैठकीत शवपेटी, वरच्या काचेतून चेहरा दिसत होता, दोन्ही बाजूंना उंच दिवे. मी चप्पल काढून आत गेलो, हात जोडले. बाहेर आलो तर मांडवातून आवाज आला, "बी सेव्हन! ओ सेव्हन्टी-वन!" दोन लांब टेबलं, तीस-चाळीस माणसं, आणि प्रत्येकापुढे बिंगोचं कार्ड.

मला धक्का बसला. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीसुद्धा टीव्हीचा आवाज बारीक करतात. आणि इथे पेटीपासून दहा पावलांवर खेळ? आमच्या घरमालकीणबाई (सगळी गल्ली त्यांना लोला म्हणते, म्हणजे आजी) टेबलाशी होत्या. त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं, एक कार्ड पुढे सरकवलं आणि मक्याचे मूठभर दाणे ओंजळीत दिले. कार्डाला चिकटपट्टी लावलेली, कोपरे झिजून गोल झालेले. पाच पेसोंना एक कार्ड, एक डाव.

मग हळूहळू कळलं. या जागरणाला लामाय म्हणतात. तीन रात्री, पाच रात्री, मुलगा किंवा मुलगी आखातात नाहीतर अमेरिकेत असेल तर येईपर्यंत आणखी लांबतं. तेवढा वेळ पेटीला एकटं सोडायचं नाही, रात्रभर कोणीतरी जागं हवं. नुसतं बसून माणूस पहाटे तीनपर्यंत जागा राहत नाही, म्हणून कॉफी, बिस्किटं, कलिंगडाच्या खारवलेल्या बिया, आणि बिंगो. प्रत्येक डावात जमलेल्या पैशांतून ठरलेला वाटा एका डब्यात पडतो. त्याला तोंग म्हणतात. तो डबा त्या घरचा. शवपेटी, फुलं, पाहुण्यांचं खाणंपिणं यांचा खर्च मोठा असतो, त्यात तेवढाच हातभार.

त्या रात्री मी साडेतीन वाजेपर्यंत बसलो. आजोबांची सून दर तासाला बाहेर यायची, थोडा वेळ कोणाच्या तरी कार्डावर दाणे ठेवायची आणि परत आत जायची. चौथ्या-पाचव्या वेळी तिच्या पुढ्यातल्या कार्डावर एकच घर रिकामं राहिलं. ती ओरडली, "इसा ना लांग!" म्हणजे फक्त एक राहिलाय. सगळं टेबल तिच्याकडे वळलं. दिवसभर रडून सुजलेले तिचे डोळे त्या एका आकड्यावर लागले होते. आकडा काही निघाला नाही, दुसरीच कोणी जिंकली, पण तेवढे दोन मिनिट ती बाई दुःखातून बाहेर होती आणि चाळीस माणसं तिच्यासोबत होती. तेव्हापासून मला हा खेळ वेगळा दिसू लागला.

तुमच्यापैकी कोणाचा फिलिपिनो लोकांशी संबंध आला आहे का? त्यांच्या बिंगोबद्दल काय पाहिलंत? जरूर लिहा.

नांदेडची_आई

छान लिहिलंय. माझी मुलगी फिलिपिन्सच्या दावाव शहरात डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची बरीच मुलं आहेत तिथे. पहिल्या वर्षी डिसेंबरात तिच्या वसतिगृहाच्या मालकिणीने बिंगो ठेवला होता. बक्षिसं काय, तर पाच किलो तांदूळ, तेलाच्या बाटल्या, प्लास्टिकच्या बादल्या आणि पहिलं बक्षीस टेबलफॅन. माझ्या लेकीला तांदूळ मिळाले. तिने खिचडी करून सगळ्या मजल्याला वाढली आणि मला फोटो पाठवला. घरापासून इतक्या लांब गेलेल्या पोरीला पहिल्याच महिन्यांत आपलं माणूस म्हणून बसवून घेतलं, मला त्या बाईंचं फार बरं वाटलं.

एक विचारायचं होतं. हा खेळ आपल्या तंबोल्यापेक्षा वेगळा आहे का? मुलगी म्हणाली तिकीट चौकोनी होतं.

स्वाती_लेस्टर

@नांदेडची_आई, वेगळा आहे. मी इंग्लंडमध्ये नर्स आहे आणि आमच्या वॉर्डात फिलिपिनो नर्सेस आपल्या मल्याळी मुलींइतक्याच. एकदा त्यातल्या दोघींना घेऊन इथल्या बिंगो हॉलमध्ये गेले. तिकीट हातात घेतल्याबरोबर एकीने विचारलं, "मधलं फुकटचं घर कुठे गेलं?" तिला वाटलं चुकीचं छापलंय.

इंग्लंडचं तिकीट म्हणजे आपल्या तंबोल्याचंच. ३ ओळी, ९ उभे रकाने, १५ आकडे, १ ते ९०. एक ओळ, मग दोन ओळी, मग फुल हाऊस. फिलिपिनो खेळतात तो अमेरिकेचा. ५ बाय ५ चा चौकोन, वर बी, आय, एन, जी, ओ ही अक्षरं. बीखाली १ ते १५ मधले पाच आकडे, आयखाली १६ ते ३०, एनखाली ३१ ते ४५, जीखाली ४६ ते ६०, ओखाली ६१ ते ७५. आणि बरोब्बर मधलं घर फुकट, ते आधीच भरलेलं धरायचं. म्हणून पुकारा करताना अक्षर आणि आकडा दोन्ही सांगतात. अक्षर ऐकलं की एकाच रकान्यात नजर टाकायची, अख्खं कार्ड शोधत बसावं लागत नाही. चार-पाच कार्डं एकदम खेळणाऱ्या बायकांना त्यामुळेच जमतं.

आपण इंग्रजांच्या हाताखाली होतो म्हणून आपल्याकडे ९०, ते १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्या हाताखाली होते म्हणून त्यांच्याकडे ७५. राज्यं गेली, आकडे राहिले.

कालांबाकर

@स्वाती_लेस्टर, ९० आणि ७५ ची ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, धन्यवाद. अमेरिकेच्या आधी तीनशेहून जास्त वर्षं इथे स्पेन होतं, आणि आकडे काढायच्या गोल फिरत्या पिंपाला हे लोक तांब्योलो म्हणतात. आपला तंबोला आठवतो की नाही?

सोडतीची आवड तर स्पॅनिश काळापासूनची. होसे रिझाल, या देशाचा राष्ट्रपुरुष, आमच्या कालांबाचाच. त्याचं घर माझ्या कंपनीच्या बसमार्गावर आहे. त्याला १८९२ मध्ये दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या दापितान गावी हद्दपार करून ठेवलं होतं. तिथे त्याने आणखी दोघांबरोबर भागीत मनिलाच्या सरकारी लॉटरीचं तिकीट घेतलं, क्रमांक ९७३६. त्याला २०,००० पेसोंचं बक्षीस लागलं. रिझालच्या वाट्याला ६,२०० आले. त्यातले काही वडिलांना पाठवले, काहींतून हाँगकाँगमधल्या मित्राचं देणं फेडलं आणि उरलेल्यातून दापितानजवळच्या तालिसायच्या किनाऱ्याला जमीन घेतली. तिथेच त्याने शाळा चालवली आणि रोगी तपासले. इथल्या शाळकरी मुलांनाही ही गोष्ट ठाऊक असते.

आता खेळाच्या प्रकारांबद्दल. नांदेडच्या ताईंनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण बिंगोतली खरी मजा प्रकारांतच आहे. कार्ड तेच, पण प्रत्येक डावाआधी पुकारणारा आकृती सांगतो आणि सगळा हिशेब बदलतो.

साधा डाव म्हणजे सरळ रेघ. आडव्या ५, उभ्या ५, तिरप्या २, अशा १२ रेघांपैकी कोणतीही. यातल्या चार रेघा मधल्या फुकट घरातून जातात, त्यांना चारच आकडे लागतात. जाणती माणसं पहिले दाणे त्या चार रेघांवर पडले की सावरून बसतात.

ठरावीक आकृतींच्या डावांत चार कोपरे हा सगळ्यांत जलद. त्यात फक्त बी आणि ओचे आकडे कामाचे. मधल्या तीन अक्षरांचे आकडे निघाले की मांडवात "हाय" असा एक सामूहिक उसासा येतो. एक्सच्या डावात दोन्ही तिरप्या रेघा भरायच्या, आकडे आठ. तिथे एनचं काहीच काम नाही, कारण एनच्या रकान्यातलं लागणारं एकमेव घर म्हणजे मधलं फुकटचं. टी म्हणजे वरची ओळ आणि मधला उभा रकाना, तोही आठ आकड्यांचा. एल मात्र नऊचा, कारण डावा रकाना आणि खालची ओळ फुकट घराला शिवतच नाही. दिसायला टी आणि एल सारखेच, पण एल जास्त वेळ खातो. लोला एलच्या डावाला नेहमी दोन कार्डं घेते. तिने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पन्नास वर्षं दाणे ठेवून तिला ते कळलंय.

आणि शेवटी ब्लॅकआउट. सगळं कार्ड भरायचं, २४ आकडे. मोठं बक्षीस यालाच. हा डाव रात्री सगळ्यांत शेवटी ठेवतात, म्हणजे लोक उठून जात नाहीत.

मॉलमधल्या हॉलची तऱ्हा निराळी. तिथे दाणे नाहीत, कागदी कार्डांचे जुडगे आणि जाड शाईचे मार्कर. पिंपाऐवजी काचेच्या पेटीत हवेने उडणारे चेंडू, निघालेला आकडा भिंतीवरच्या फळ्यावर पेटतो. "बिंगो!" ओरडलं की मुलगी येऊन कार्डाचा क्रमांक वाचून दाखवते, यंत्रावर तपासणी होते, मगच डाव बंद. ब्लॅकआउट ठरलेल्या आकड्यांच्या आत लागला तर जॅकपॉट, नाहीतर ती रक्कम वाढत वाढत पुढच्या दिवसांवर जाते. शिवाय कोपऱ्यात विजेवरच्या बिंगोची यंत्रं असतात. नाव बिंगोचं, पण बटण दाबायचं आणि पडद्यावर चित्रं फिरलेली बघायची. या हॉलना पॅगकॉर या सरकारी महामंडळाचा परवाना लागतो आणि २१ वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत.

दुपारी दोनला गेलात तर तिथे बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. बाहेर पस्तीस डिग्रीचा दमट उकाडा, आत गारवा, बसायला मऊ खुर्ची, ओळखीची माणसं. मुलं परदेशात, घर रिकामं. लोला म्हणते, "मी हरते ते तिकिटाचे पैसे समजते. सिनेमाला जाऊन आले असं."

गणिती

ब्लॅकआउटबद्दल एक भर घालतो. एका कार्डाचे सगळे २४ आकडे पहिल्या ५० पुकाऱ्यांत येण्याची शक्यता सुमारे २ लाख १२ हजारांत एक. आता एका हॉलमध्ये समजा एक हजार कार्डं खेळात आहेत. तरी अशा सुमारे दोनशे डावांतून एकदा जॅकपॉट फुटेल. म्हणून "५० आकड्यांच्या आत" ही अट घातली की रक्कम फुगत राहते आणि ती फुगलेली रक्कम बघून आणखी माणसं येतात. सगळी मेख त्या अटीत आहे.

गल्लीतल्या खेळात ही अट नसते. कोणाचं तरी कार्ड भरेपर्यंत आकडे काढतच राहायचे. त्यामुळे प्रत्येक डावाला त्याच टेबलावरचा कोणीतरी जिंकतोच आणि पैसे गल्लीतच राहतात. खेळ तोच, पण माझ्या मते या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

तारीख_पे

धागा वाचनीय आहे, पण मला थोडं खटकतंय म्हणून लिहितो. पैसे लावून नशिबाचा खेळ म्हणजे जुगार, मग तो मांडवात असो की मॉलमध्ये. फिलिपिन्सचा कायदाही हेच म्हणतो. १९७८ चा राष्ट्राध्यक्षांचा हुकूमनामा क्रमांक १६०२ बेकायदा जुगाराची यादी देतो आणि त्यात बिंगोचं नाव स्पष्ट आहे. परवान्याशिवाय पैशावर खेळलात तर गुन्हा.

आणि बिंगो निरुपद्रवी म्हणणाऱ्यांनी २००० साल आठवावं. तिथे हुएटेंग नावाचा आकड्यांचा बेकायदा धंदा फार जुना. १ ते ३७ मधले दोन आकडे लावायचे, दारोदार फिरून पैसे गोळा करणारी माणसं, वर मालक. आपल्या मटक्याचीच जात. त्याला पर्याय म्हणून सरकारी आशीर्वादाने टू-बॉल बिंगो आणला. नाव बिंगो, चाल हुएटेंगची. त्याच्या वाटपावरून इलोकोस सूरचे गव्हर्नर चाविट सिंगसन आणि राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांच्यात फाटलं. ऑक्टोबर २००० मध्ये सिंगसननी जाहीरपणे सांगितलं की हुएटेंगचा पैसा एस्त्रादांपर्यंत पोचवला जात होता. महाभियोग उभा राहिला, लोक रस्त्यावर आले, आणि २० जानेवारी २००१ ला एस्त्रादांना राजवाडा सोडावा लागला. २००७ मध्ये शिक्षाही झाली, पुढे माफी मिळाली. एका राष्ट्राध्यक्षाची खुर्ची ज्या भांडणातून गेली त्याच्या मुळाशी बिंगोचं नाव घेतलेला खेळ होता.

कालांबाकर

@तारीख_पे, तुमचं म्हणणं गंभीर आहे आणि कायद्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण लामायमधल्या पाच पेसोंच्या डावाकडे इथे कोणीही गुन्हा म्हणून बघत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मांडवात गल्लीचे कारभारी स्वतः बसलेले असतात.

इथली एक चाल सांगतो. तिला बालातो म्हणतात. जिंकलेल्याने जिंकलेल्यातलं थोडं आसपासच्यांना द्यायचं. कोणी मागायला लाजत नाही, कोणी द्यायला कुरकुरत नाही. मी एकदा १८० पेसो जिंकलो. शेजारच्या बाईने हात पुढे केला, "बुंबाय, बालातो!" (इथे कुठल्याही भारतीयाला बुंबाय म्हणतात, आपल्या मुंबईवरून. पंजाबी सावकार पाच द्या सहा घ्या या हिशेबाने दुकानदारांना कर्ज देत फिरतात, त्यामुळे बुंबाय म्हटलं की लोकांना वसुलीवाला आठवतो. मी नवीन होतो तेव्हा एका दुकानदारीण बाईने मला बघून गल्ला झाकला होता.) मी तिला वीस दिले, पलीकडच्या मुलाला दहा, लोलाला वीस, आकडे काढणाऱ्याला दहा, आणि पन्नास तोंगच्या डब्यात टाकले. हातात सत्तर उरले. त्यानंतर गल्लीत मला बुंबाय म्हणणं बंद झालं, मी कुया झालो. कुया म्हणजे दादा.

हाच फरक मला सांगायचा होता. जिंकणाऱ्याला एकट्याने जिंकून उठता येत नाही.

दर्यावर्दी

खूप दिवसांनी प्रतिसाद देतोय. मी गुहागरचा, एकवीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची नऊ सेकंड इंजिनियर म्हणून. फिलिपिनो खलाशांबरोबर घरच्यांपेक्षा जास्त राहिलोय. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्या बल्क कॅरियरवर (सुटा माल वाहणारी बोट) २१ माणसं, त्यातली १७ फिलिपिनो. ३१ डिसेंबरला आम्ही ब्राझीलहून चीनला लोहखनिज घेऊन चाललो होतो, चारी बाजूंना पाणी. मेसरूममध्ये बिंगो. वेल्फेअर फंडातून बक्षिसं घेतलेली, चॉकलेटचे डबे, अत्तर, एक ब्लूटूथ स्पीकर, एक हार्ड डिस्क. कॅप्टन स्वतः आकडे काढायला. बोट हलत होती, त्यामुळे मक्याचे दाणे चालत नाहीत, सगळे एका झोक्यात खाली. चीफ कूकने टेबलावर ओला कपडा अंथरला, खराब हवामानात ताटं घसरू नयेत म्हणून अंथरतो तसा, आणि कार्डांवर पेन्सिलीने फुल्या. इंजिनरूम पुसणाऱ्या वायपरपासून कॅप्टनपर्यंत सगळे एका टेबलाला. वर्षभरात असा प्रसंग दुसरा येत नाही, कारण एरवी अर्धे वॉचवर आणि अर्धे झोपेत.

ब्लॅकआउट कूकलाच लागला. हार्ड डिस्क त्याची. त्याने ती आमच्या सगळ्यात लहान डेक कॅडेटला दिली, "तुला अभ्यासाला हवी." कालांबाकर म्हणतात तो बालातो हाच असावा, मला तेव्हा शब्द माहीत नव्हता.

आता दुसरी बाजू. पुढच्या एका बोटीवर उपग्रहाचं चांगलं इंटरनेट आलं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही, मुलीशी रोज बोलता यायला लागलं. पण मेसरूम ओस पडली. वॉच संपला की जो तो केबिनमध्ये, दार बंद. माझ्या हाताखाली एक ऑयलर (इंजिनरूममधला खलाशी) होता, पंचविशीचा, इलोइलोचा. कामाला वाघ. दोन-तीन महिन्यांत तो वॉचवर पेंगायला लागला. एके रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवून विसरला, नशीब मी तिथे होतो. विचारलं तर काही बोलेना. मग कळलं, रात्रभर फोनवर बिंगो आणि ती फिरत्या चित्रांची यंत्रं खेळतो. फिलिपिनो खलाशाच्या मूळ पगारातला किमान ८० टक्के भाग नियमाने घरी जातो, तो सुरक्षित होता. पण उरलेलं, ओव्हरटाइम, सगळं गेलं, आणि वर बोटीवरच्या अकरा जणांकडून उसने घेतलेले. माझ्याकडून २०० डॉलर.

त्याच्या केबिनमध्ये गेलो. बंकवर पडून पडद्याकडे बघत होता. पडद्यावर तोच चौकोन, बी, आय, एन, जी, ओ, आकडे आपोआप काळे होत होते. त्याला फुलीसुद्धा मारावी लागत नव्हती. मी विचारलं, "तुझा एक राहिला की तू कोणाला सांगतोस?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि फोन उशीखाली घातला. तो सिंगापूरला साइन ऑफ झाला, म्हणजे नोकरी संपवून बोटीवरून उतरला. पैशाचं मला काही नाही. पण त्या पोराचं काय झालं असेल ते अजून मनात येतं.

@तारीख_पे, जुगार वाईटच. पण तुम्ही मांडवातल्या बायकांना आणि त्या फोनला एका मापाने मोजू नका, एवढीच विनंती.

तारीख_पे

@दर्यावर्दी, वाचून गप्प झालो. माझा मुद्दा कायद्याचा होता आणि तो कायम आहे, पण गणिती आणि तुम्ही जो फरक दाखवलात तो मान्य. "आकडे आपोआप काळे होत होते" हे वाक्य डोक्यातून जात नाही.

कालांबाकर

@दर्यावर्दी, दादा, इथेही तेच चाललंय. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, हॉल बंद, मांडव बंद, लामायला दहा माणसंही जमू देईनात. त्यानंतर खेळ फोनवर गेला आणि जीकॅश, माया ही पैशांची ॲप सगळ्यांच्या फोनवर होतीच, त्यातच खेळाची दारं उघडली. भाजीचे पैसे द्यायला उघडलेल्या पानावर खेळाचं चित्र. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या मध्यवर्ती बँकेने या ॲपना ४८ तासांत ते दुवे काढायला लावले. योगायोग असा की त्याच महिन्यात भारतातही पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला.

दुवे गेले पण खेळ परवान्यावर चालूच आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रायसिकलवाले थांबतात. पूर्वी गिऱ्हाईक नसलं की खोक्यावर बुद्धिबळ मांडायचे. आता चौघे चार फोनमध्ये.

मडगांवकार

तुमचें सगळें वाचून आमच्या गोव्याची याद आली, म्हणून मराठीतच लिहितो. आमच्याकडे हावजी, म्हणजे हाउसी, तुमचा तंबोलाच. चर्चच्या फेस्ताला, फुटबॉल क्लबला बूट-जर्सी घ्यायला, गावच्या मैदानावर शेकडो माणसं खुर्च्या घालून बसतात. तिकीट ९० आकड्यांचंच. पुकारणारा "टू फॅट लेडीज, एटी-एट" म्हणतो आणि मागून पोरं शिट्या मारतात. माझी आई गुडघ्यांनी अधू, मिसाला नेताना दहा वेळा थांबते, पण हावजीच्या सांजेला सगळ्यांच्या आधी तयार.

एक फरक सांगतो. आमच्याकडे मयताच्या घरी हावजी कधीच नाही. दोन्हीकडे कॅथलिक, दोन्हीकडे इबेरियन राज्य, तरी तिथे चालतं आणि इथे चालत नाही. माझ्या आईला धागा वाचून दाखवला. ती आधी क्रूस काढून म्हणाली, "देवा!" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण रात्रभर बसतात ना लोक? आमच्याकडे आता अकरा वाजता सगळे गाडीत बसून घरी जातात."

नांदेडची_आई

मडगांवकारांच्या आईंचं बरोबर आहे. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा रात्री दोननंतर मी आणि नणंद दोघीच होतो.

@कालांबाकर, आमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी तंबोला असतो. यंदा पैशांशिवाय, बक्षिसं ठेवून, तुमच्याकडचा ७५ वाला घ्यावा म्हणते. साठ-सत्तर माणसं असतील. डाव कसे लावू?

कालांबाकर

ताई, आवडलं. पहिला डाव चार कोपऱ्यांचा ठेवा, पाच-दहा मिनिटांत संपतो आणि नवख्यांना खेळ कळतो. मग साधी रेघ, मग एक्स. टी आणि एलपैकी एकच घ्या, लहान मुलं असतील तर टी. शेवट ब्लॅकआउट, आणि त्याला आकड्यांची मर्यादा अजिबात घालू नका, कोणीतरी जिंकेपर्यंत काढा. कार्डं छापताना मधलं घर फुकट ठेवायला छापखान्यात दोनदा सांगा, आणि एनच्या रकान्यात चारच आकडे येतील हेही.

पुकारताना अक्षर आधी, मग जरा थांबून आकडा. तेवढ्या थांबण्यातच सगळी गंमत आहे. आकडे काढायला सोसायटीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बसवा. पेन देऊ नका, मक्याचे दाणे द्या.

नांदेडची_आई

छापखान्यात आज सांगून आले, शंभर कार्डं, जाड पुठ्ठ्यावर. दाणे घरचेच आहेत, गावाहून आलेत. आकडे काढायला तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुख काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, चष्मा बदलून घेते आधी.